सरांचा हिरवा चेहरा आणि 'हुबेहूब'चा हट्ट

व्यक्तिचित्राची स्तुती करण्यासाठी मराठीत दोनच वाक्ये प्रचलित आहेत, असे आम्हांला कधीकधी वाटते. एक, 'अगदी हुबेहूब!' आणि दुसरे, 'जणू आता बोलेल!' ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच दमात उच्चारली जातात आणि त्यांचा अर्थही एकच आहे असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात आम्हांला म्हणायचे आहे ते एवढेच की, ती दोन निरनिराळी विधाने आहेत. कित्येकदा ती परस्परांच्या विरोधात जातात. आणि पहिल्याच्या हट्टापायी आपण दुसऱ्याला मुकतो. हे मत आम्ही कुठल्या तटस्थ उंचीवरून मांडीत नाही. एका चुकीत आम्ही स्वतः सहभागी होतो, आणि ती चूक अद्याप दुरुस्त झालेली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका शिक्षकांचे निधन झाले. तालुक्याच्या गावी त्यांनी तीसहून अधिक वर्षे संस्कृत शिकवले. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढावी आणि सरांचे तैलचित्र शाळेच्या ग्रंथालयात लावावे, असे ठरले. रीतीप्रमाणे समिती नेमली गेली. तीत आम्हीही होतो. काम सोपवले ते आमच्याच एका वर्गमित्राकडे. तो चित्रकला शिकला आणि पुढे त्यातच राहिला. सरांच्या निवृत्तीच्या वर्षी तो आठवडाभर गावी येऊन वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसला होता आणि शिकवणाऱ्या सरांची रेखाटने व रंगांच्या टिपणांची एक वही त्याने भरली होती. त्या वहीवरून त्याने चित्र केले.

चित्र समितीपुढे आले तेव्हा खोलीत जी शांतता पसरली ती आम्हांला अजून आठवते. कपाळावर पिवळ्या मातीच्या रंगाचा जाड थर होता. गालाच्या हाडावर एकच रुंद, नारिंगी फटकारा होता, त्यात ब्रशच्या केसांचे चरे स्पष्ट दिसत होते. कान गडद तांबडा. डावा डोळा अवघ्या दोन-तीन फटकाऱ्यांत उरकलेला. आणि जबड्याच्या खालच्या कडेने मानेपर्यंत उतरत गेलेला, कसलाही आडपडदा न ठेवणारा हिरवा. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणाले, "सर काय असे हिरवे दिसायचे का रे?" दुसऱ्याने विचारले, "फिनिशिंग कधी करणार?" सरांच्या मुलाने मात्र हात जोडून शांतपणे सांगितले, "चित्र चांगलं असेल. पण याला हार घालायचा म्हटलं तर माझा हात उचलणार नाही."

मतदान झाले नाही. अशा बैठकांत ते होत नसते. आम्ही गप्प राहिलो आणि आमचे गप्प राहणे हे मत म्हणून धरले गेले. वर्गमित्र चित्र घेऊन परत गेला. रंग-कॅनव्हासाचे पैसेही त्याने घेतले नाहीत. पुढे सरांच्या एका जुन्या छायाचित्राची मोठी प्रत कॅनव्हासवर छापून, वरून चकचकीत व्हार्निश देऊन, सोनेरी चौकटीत बसवण्यात आली. ती आजही तेथे आहे. 'अगदी हुबेहूब' आहे.

यानंतर वर्ष-दीड वर्षाने एका कार्यक्रमानिमित्त दुपारी चारच्या सुमारास आम्ही त्याच वर्गात बसलो होतो. आमच्याकडील अनेक शाळांत असतो तसा त्या वर्गाच्या भिंतींना खालून छातीइतक्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट आहे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन त्या भिंतीवर पडले होते. टेबलाशी उभ्या असलेल्या शिक्षिका मुलांशी बोलत होत्या. आणि त्यांच्या हनुवटीखाली, जबड्याच्या कडेने, मानेपर्यंत हिरवा रंग उतरला होता. आम्ही या वर्गात अनेक वर्षे बसलो. सरांचा चेहरा हजारो वेळा पाहिला. हा हिरवा आम्हांला कधी दिसला नाही. जो आठवडाभर पाहण्यासाठीच येऊन बसला त्याला तो दिसला होता.

येथेच थांबून 'म्हणजे चित्रकार बरोबर होता' असा निकाल देण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळू इच्छितो. कारण भिंत हिरवी होती म्हणून हिरवा जबडा क्षम्य, असे म्हणणे म्हणजे 'हुबेहूब'च्याच न्यायालयात अपील करून सुटका मिळवणे होय. भिंत पांढरी असती तर तो रंग गुन्हा ठरला असता काय? या प्रश्नाचा विचार दोन पायऱ्यांनी केला पाहिजे. समितीचे आरोप दोन होते: रंग खोटा आहे, आणि काम अपुरे आहे. पहिला रंगाविषयी, दुसरा ब्रशच्या खुणांविषयी.

पहिल्या आरोपाची पहिली पायरी. सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातील चित्र बहुतेक मराठी घरांना छापील प्रतींवरून ठाऊक आहे. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी ते आपल्या कन्येला समोर उभी करून रंगवले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीला वारा लागू नये म्हणून आडवा धरलेला हात, आणि त्या हाताच्या बोटांतून पाझरणारा लालसर केशरी उजेड. 'कोणाची बोटे अशी लाल असतात?' असा प्रश्न या चित्रापुढे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. का? कारण उजेड कुठून येतो हे चित्रातच दिसते. आमच्या सरांच्या चित्रात उजेडाचा उगम चौकटीबाहेर होता, इतकाच फरक. त्वचेला स्वतःचा असा एक ठरीव रंग असतो, ही आपली समजूत मुळात डोळ्यांची नाही, शब्दांची आहे. 'गोरा', 'सावळा', 'निमगोरा' हे शब्द विवाहाच्या जाहिरातीत कामी येत असतील. चेहऱ्यावर तेवढे टिकत नाहीत. उजेड ऊबदार असेल तर सावली थंड दिसते, शेजारच्या वस्तूचा रंग अंगावर सांडतो, पातळ कातडीखालचे रक्त कानाच्या पाळीत उजेडासमोर पेटते. ठळक रंग वापरणारा चित्रकार बहुधा रंग शोधून काढीत नसतो. आपण नजरेआड केलेला रंग तो मोठ्या आवाजात सांगत असतो.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे, कारण तेथे भिंतीचा आधारही सुटतो. १९०५ साली आन्री मातिस याने आपली पत्नी आमेली हिची दोन व्यक्तिचित्रे केली. त्यांतील 'टोपी घातलेली स्त्री' त्या वर्षीच्या पॅरिसमधील शरदकालीन प्रदर्शनात लागले आणि त्याची यथेच्छ टर उडवली गेली. लुई व्होसेल या समीक्षकाने मातिस व त्याच्या सोबत्यांना उद्देशून 'रानटी श्वापदे' या अर्थाचा 'फोव्ह' हा शब्द वापरला आणि तेच पुढे एका चित्रपंथाचे नाव झाले. ज्या स्त्रीने काही काळ टोप्यांचे दुकान चालवून घरखर्चाला हातभार लावला होता तिलाच भल्यामोठ्या टोपीखाली हिरव्या, जांभळ्या, पिवळ्या चेहऱ्याची झालेली पाहून लोक हसले. लिओ व गर्ट्रूड स्टाइन या भावंडांच्या कुटुंबाने ते ५०० फ्रँकना विकत घेतले. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

दुसरे चित्र, सध्या कोपनहेगनमध्ये असलेले, जेमतेम ४० सेंटिमीटर उंचीचे आहे. त्यात आमेलीच्या कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत एक हिरवा पट्टा उतरतो. पट्ट्याच्या एका बाजूचा चेहरा पिवळसर, दुसऱ्या बाजूचा गुलाबी. त्या खोलीत हिरवी भिंत होती की नव्हती, याने येथे काहीच ठरत नाही. मग हा चेहरा कोसळत का नाही? तो चेहरा म्हणून, आणि एका विशिष्ट, करारी, किंचित ताठर स्त्रीचा चेहरा म्हणून, उभा का राहतो?

याचे उत्तर रंगापेक्षा छटेत आहे. रंगाला दोन अंगे असतात: तो कोणता आहे, आणि तो किती उजळ वा गडद आहे. चेहऱ्याचा आकार, म्हणजे कपाळाचा फुगवटा, डोळ्यांच्या खोबणी, नाकाची कड, आपल्याला मुख्यतः दुसऱ्या अंगावरून कळतो. या चित्राची कृष्णधवल प्रत डोळ्यांपुढे आणावी. हिरवा पट्टा तेथे मधल्या राखाडीत जातो आणि उजेड व सावली यांच्या सीमेवर जे घडायला हवे तेच नेमके करतो. म्हणजे मातिसने चेहऱ्याची बांधणी मोडलेली नाही. बांधणी जागच्या जागी ठेवून त्याने केवळ सावलीचा रंग बदलला आहे. आणि तो बदलल्यामुळे जे मोकळे झाले ते भाव सांगण्याच्या कामी लावले आहे. बांधणी पक्की असेल तर चित्रकाराला रंगाच्या बाबतीत विलक्षण स्वातंत्र्य मिळते. ती कच्ची असेल तर कातडीचा 'खरा' रंग लावूनही चेहरा मेणाचा होतो. धीट रंग हे शिस्तीचे फळ आहे, शिस्तीला फाटा नव्हे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आता दुसरा आरोप: 'फिनिशिंग'. उघड्या ब्रशकामाला 'अपुरे' म्हणण्याची खोड फार जुनी आहे आणि तिला दिलेले उत्तरही तितकेच जुने. व्हासारी याने १५६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रकारांच्या चरित्रग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत टिशनच्या उत्तरकालीन चित्रांबद्दल नोंदवले आहे की, ती जवळून पाहता कळत नाहीत आणि दुरून परिपूर्ण भासतात. शिवाय हे काम दिसते तितके सोपे नसून त्यामागे पुष्कळ श्रम असतात. सतराव्या शतकात हार्लेम येथे फ्रान्स हाल्स याने गिल्डांच्या अधिकाऱ्यांचे आणि दारू पिऊन हसणाऱ्या माणसांचे चेहरे अशाच मोकळ्या, एकमेकांत न मिसळलेल्या फटकाऱ्यांनी रंगवले. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲम्स्टरडॅमच्या नव्या राष्ट्रीय संग्रहालयात ही चित्रे पाहून व्हॅन गॉग भारावून गेला होता. मधल्या काळात एक साधीशी व्यावहारिक गोष्टही घडली होती. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने रंग भरण्यासाठी धातूच्या नळीचे पेटंट घेतले. तोवर तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवीत. ते लवकर खराब होत. नळीमुळे दाट, लोण्यासारखा रंग हवा तेव्हा हवा तेवढा पिळून घेता येऊ लागला. चपटे, राठ केसांचे ब्रश हाती होतेच. जाड रंगाचे व्यक्तिचित्र हे केवळ मनःस्थितीचे नव्हे, साहित्याचेही अपत्य आहे.

पण साहित्य हाती असणे वेगळे आणि त्याचा अर्थ वेगळा. ब्रशचा एक फटकारा आपल्याला काय सांगतो? तो कोणत्या दिशेने गेला, किती रुंद होता, रंग किती दाट होता, हात किती वेगाने फिरला. गालाचे हाड जेथे वळते तेथे चांगला फटकारा वळतो. म्हणजे तो नुसता रंग ठेवीत नाही, पृष्ठभागाची दिशाही सांगतो. ओल्या रंगावर ओला रंग ठेवताना तर प्रत्येक फटकारा हा निर्णय असतो. तो पुन्हापुन्हा घोळवला की, चित्रकारांच्या भाषेत, रंग 'मळतो'. ताजेपणा जातो आणि मातकट राखाडी उरते. म्हणून ठेवायचा तो एकदाच, आणि ठेवण्यापूर्वी पाहायचे ते दहादा. आमच्या समितीला जे 'उरकलेले' वाटले त्या डाव्या डोळ्यामागे वहीची अकरा पाने होती. (ही पाने आम्ही नंतर मोजली, तेव्हा मोजायला हवी होती.)

गुळगुळीत रंगकामात हे सारे पुसले जाते. तेथे चेहरा जणू कोणीच न पाहता आपोआप कॅनव्हासवर उमटला आहे, असा आभास निर्माण केला जातो. या आभासाची गोडी आम्ही नाकारीत नाही. त्यालाही मोठे कौशल्य लागते. परंतु ब्रशच्या उघड्या खुणा एक अधिक प्रामाणिक गोष्ट सांगतात: या माणसाला दुसऱ्या एका माणसाने, अमुक इतका वेळ, अमुक ठिकाणी उभे राहून पाहिले. व्यक्तिचित्रात नेहमीच दोन व्यक्ती असतात. गुळगुळीत चित्र दुसरीला लपवते; धीट चित्र तिला कबूल करते.

हे सर्वांत हृद्यपणे दिसते ते व्हॅन गॉगच्या आर्लमधील चित्रांत. १८८८ मध्ये त्याने युजीन बॉख या चित्रकार मित्राचे चित्र केले. थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला बेत सांगितला आहे: आधी चेहरा जसा आहे तसा इमानाने रंगवायचा, मग केसांचा पिवळेपणा नारिंगीपर्यंत वाढवायचा आणि मागे खोलीच्या सामान्य भिंतीऐवजी अथांग निळे आकाश ठेवायचे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. इमान आधी, अतिशयोक्ती नंतर. आणि अतिशयोक्ती तरी कशासाठी? मित्राविषयी वाटणारे प्रेम कपाळाच्या आणि नाकाच्या मापांत मावत नाही म्हणून.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कानाचा तो प्रसिद्ध प्रसंग घडला. इस्पितळात फेलिक्स रे या तरुण डॉक्टराने त्याच्यावर उपचार केले आणि १८८९ च्या जानेवारीत व्हॅन गॉगने कृतज्ञतेपोटी त्याचे चित्र रंगवून त्याला भेट दिले. निळा कोट, हिरव्या पार्श्वभूमीवर वळसे घेणारी नक्षी आणि तांबडे ठिपके, चेहऱ्यावर आणि दाढी-केसांत बिनदिक्कत घातलेले लाल-हिरवे. डॉक्टरांच्या घरी ते कोणालाच आवडले नाही. सांगतात ते असे की, त्यांच्या मातोश्रींनी ते कोंबड्यांच्या खुराड्याचे भोक बुजवायला वापरले. पुढे शार्ल कामोँ या तरुण चित्रकारामुळे ते उजेडात आले. हाच कामोँ १९०५ च्या त्या 'श्वापदां'च्या दालनात मातिसच्या सोबत होता. आज ते चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

ही कथा सांगून रे यांच्या मातोश्रींना हसण्याची पद्धत आहे. आम्हांला तसे हसता येत नाही, कारण आम्ही त्याच खुराड्याच्या समितीचे सभासद आहोत. शिवाय त्यांच्या बाजूने बोलण्याजोगे काही आहेच. आपला मुलगा कसा दिसतो हे आईला ठाऊक असते; तिला दुसऱ्या कोणाच्या नजरेतून तो पाहायचा नसतो.

आपल्याकडे गुळगुळीत व्यक्तिचित्राची आवड का रुजली, याचाही येथे विचार व्हावा. १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने या प्रांताला व्यक्तिचित्रणाची मोठी परंपरा दिली. पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर, पुढे देऊसकर, ही नावे आम्ही आदराने घेतो. या कलावंतांना रंग दिसत नव्हता असे म्हणण्याचा करंटेपणा कोणी करू नये. परंतु कामे येत ती संस्थानिकांकडून, सभागृहांकडून, दानशूर घराण्यांकडून. पुष्कळदा व्यक्ती हयात नसे आणि हाती एखादे फिकट छायाचित्र असे. दालनातील पूर्वजांच्या रांगेत शोभेल अशी प्रतिष्ठा हीच मागणी होती. हळूहळू ग्राहकाची मागणी हीच कलेची व्याख्या होऊन बसली, आणि छायाचित्र हे साधन न राहता कसोटी झाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नाझींच्या छायेतून निसटून मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमरसारख्या चित्रकाराने दाट रंगाचा आणि मोकळ्या ब्रशचा मध्य युरोपीय वारसा येथील तरुणांपुढे ठेवला. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. आणि गोव्यातील साळगावात जन्मलेल्या, १९४५ मध्ये जे. जे. मधून काढून टाकण्यात आलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने डोळे कपाळात चढवलेली, जाड काळ्या रेषांनी खोदलेली अशी मस्तके रंगवली की, 'हुबेहूब' हा शब्द त्यांच्यापुढे जिभेवरच यावयाचा नाही. पण हे सारे कलादालनांत राहिले. शाळेच्या ग्रंथालयात, बँकेच्या सभागृहात, वाचनालयाच्या जिन्यात ते उतरले नाही. आधुनिक चित्रकलेची ७५ वर्षे आमच्या त्या समितीच्या खोलीपर्यंत पोहोचलीच नव्हती.

आता एक इशारा, नाहीतर आमच्या म्हणण्याचा गैरफायदा घेतला जाईल. जाड रंग आणि भडक चेहरा म्हणजे आपोआप अभिव्यक्ती, असे अजिबात नाही. हल्ली हॉटेलांच्या प्रतीक्षागृहांत आणि घरसजावटीच्या दुकानांत सुरीने थापलेल्या निळ्या-नारिंगी चेहऱ्यांचा सुकाळ आहे: गौतम बुद्ध, चार्ली चॅप्लिन, एखादा नट. धिटाईचे सोंग आणण्यासारखे सोपे काही नाही. फोनमधील फिल्टर तर कोणत्याही छायाचित्राचे क्षणार्धात 'तैलचित्र' करून देतो. त्या फिल्टरचे फटकारे आम्ही मुद्दाम न्याहाळून पाहिले आहेत. ते भुवईवर जेवढ्या आस्थेने फिरतात तेवढ्याच आस्थेने शर्टाच्या कॉलरवर आणि मागच्या पडद्यावर फिरतात. म्हणजे त्यांना आस्था नाही. खुणा आहेत, निर्णय नाहीत.

मग खरे आणि सोंग वेगळे कसे करावे? आम्ही चित्रकार नाही. सामान्य प्रेक्षक म्हणून तीन साध्या कसोट्या वापरतो. पहिली, चित्रापासून दूर जाऊन डोळे अर्धवट मिटून पाहावे. बारीकसारीक तपशील आणि रंगांचा गलबला विरतो आणि उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. ते उभे राहिले तर रंगाची धिटाई कमावलेली आहे. दुसरी, जवळ जाऊन एखाददुसरा फटकारा बोटाने हवेत गिरवावा. तो आकाराबरोबर वळतो, की केवळ ऐटीने जातो? तिसरी आणि सर्वांत कठोर: मनातल्या मनात त्या रंगाच्या जागी दुसरा रंग घालून पाहावा. निळ्याच्या जागी जांभळा घातला तरी काहीच बिघडत नसेल, तर मूळचा निळाही तेथे उगाचच बसला होता असे समजावे. मातिसचा हिरवा काढून पाहा. चेहऱ्याचे दोन भाग एकमेकांपासून सुटतात. आमच्या सरांचा हिरवा काढून पाहा. सर वर्गातून बाहेर पडतात आणि स्टुडिओतील पडद्यापुढे जाऊन बसतात.

उरतो तो सरांच्या मुलाचा आक्षेप, आणि तोच आम्हांला सर्वांत जड वाटतो. ज्याला हार घालता येत नाही अशा चित्राचे काय करावे? यावर आमचे उत्तर असे की, त्यांनी नकळत दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. हार घालण्याची प्रतिमा ही एक गरज आहे आणि ती पवित्र आहे. तेथे चेहरा स्थिर, शांत, सर्वांना सारखाच ओळखू येणारा हवा. तेथे चित्रकाराने मध्ये येऊ नये. तो मान छायाचित्राला द्यावा. पण प्रतिमेला हार घालतो तेव्हा आपण त्या माणसाला निरोप देत असतो. व्यक्तिचित्र निरोप देत नाही. ते त्या माणसाला पुन्हा समोर उभा करते. ज्यांनी सरांना पाहिलेले नाही अशा मुलांना काय द्यायचे? सोनेरी चौकटीतील, कोणाकडेच न पाहणारा एक वृद्ध गृहस्थ? की चुकलेले रूप ऐकून डावा डोळा बारीक करून वर पाहणारे, कान तापलेले, दुपारच्या उजेडात उभे असलेले सर? मुलाच्या शोकाचा आम्ही आदर करतो. आमची चूक ही की, आम्ही त्या शोकाआड लपलो. आम्हांला चित्र कळले नव्हते आणि ते कबूल करण्याऐवजी आम्ही दुसऱ्याच्या दुःखाला पुढे केले.

गेल्या वर्षी आम्ही वर्गमित्राच्या घरी गेलो. चित्र माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले होते. त्याने ते खाली काढले, खुर्चीवर टेकवले आणि आम्ही नेहमीप्रमाणे नाक लावून पाहू लागलो तसा म्हणाला, "अरे, जरा मागे सरक." आम्ही दारापर्यंत मागे सरकलो. फटकारे एकमेकांत गेले. हिरवा दिसेनासा झाला, म्हणजे तो सावलीत जाऊन सावलीचे काम करू लागला. आणि सर आमच्याकडे असे पाहू लागले की, आम्हांला पस्तीस वर्षांनंतर वही अपुरी असल्याची भीती वाटली. 'जणू आता बोलेल' हे वाक्य आम्ही आजवर किती स्वस्तात वापरले, ते त्या दारात कळले.

शाळेच्या व्यवस्थापनाला आम्ही पत्र लिहिले आहे. छायाचित्र कार्यालयात न्यावे, तेथे पुण्यतिथीला हार घालावा. आणि ग्रंथालयाच्या भिंतीवर, मुले बसतात त्या बाकांसमोर, हे चित्र लावावे, अशी विनंती त्यात केली आहे. चित्रापासून किमान आठ-दहा फुटांवर बसता येईल एवढी जागा सोडावी, हेही लिहिले आहे. पत्राची प्रत सरांच्या मुलालाही पाठवली आहे. त्यांनी नकार दिला तर तो आम्हांला मान्य असेल. पण या वेळी आम्ही गप्प राहिलो होतो असे होणार नाही.